गोरिल्लाला आमच्या वानराचे नाव देऊ नका

प्रति,
मराठीतून शालेय विज्ञानाची पुस्तके, वर्गातले तक्ते आणि मुलांची मासिके तयार करणारे लेखक, भाषांतरकार व संपादक यांस,

सादर नमस्कार.

मी लातूर जिल्ह्यात, औसा तालुक्यातल्या एका प्रशालेत आठवी ते दहावीला विज्ञान शिकवते. आपल्यापैकी कोणाशी माझी ओळख नाही, पण तुमची अक्षरे रोज माझ्या हातात असतात. तुम्ही लिहिलेला शब्द मी फळ्यावर लिहिते, मुले तो वहीत उतरवून घेतात आणि परीक्षेत तोच परत येतो. म्हणून एका शब्दाबद्दल, खरे तर तीन शब्दांबद्दल, हे पत्र लिहीत आहे.

आमच्या प्रयोगशाळेच्या भिंतीवर एक तक्ता आहे. मथळा ‘माकडांचे प्रकार’. त्यात लाल तोंडाचे माकड आहे, काळ्या तोंडाचे वानर आहे, आणि त्यांच्याच ओळीत गोरिल्ला, चिंपांझी आणि ओरांगउटान. कोपऱ्यात आंब्याच्या फांदीला शेपटीने लोंबकळणारे एक माकड. खाली उत्क्रांतीची ती सगळ्यांच्या ओळखीची रांग: वाकून चालणारा प्राणी, मग जरा ताठ, मग आणखी ताठ, शेवटी हातात भाला घेतलेला माणूस. रांगेतल्या पहिल्याच्या पायाशी लिहिले आहे ‘वानर’. दुकानातून आणलेला साधा तक्ता आहे. असेच तक्ते मी आजूबाजूच्या शाळांतही पाहिले आहेत.

दहावीच्या विज्ञानाच्या दुसऱ्या भागात पहिलाच पाठ आनुवंशिकता व उत्क्रांतीचा असल्यामुळे शाळा उघडली की हा तक्ता खाली निघतो. मागच्या वर्षी मी तो टेबलावर पसरला आणि शिकवायला सुरुवात केली. खिडकीबाहेर शाळेमागचा वड आहे. त्यावर वानरांची टोळी येऊन बसली होती. एक हुप्प्या, बाकी माद्या आणि पिल्ले. मागच्या बाकावरचा एक मुलगा उठला आणि बाहेर बोट दाखवून म्हणाला, “मॅडम, ह्या वानरापासून आपण झालो म्हणता, मग हे इथंच कसं राहिलं?”

वर्ग हसला. मला हसू आले नाही, कारण तक्त्यावर जे छापले होते त्याला धरून मुलाचा प्रश्न अगदी रास्त होता. ‘वानर’ म्हणजे काय हे त्याला पक्के ठाऊक आहे. त्याच्या वडिलांच्या तुरीच्या शेंगा तेच खाते. गावाच्या वेशीवर मारुतीपुढे नारळ फुटला की खोबऱ्यासाठी तेच येते. तेच वानर तारेला चिकटून मेले तर गाव वर्गणी काढून त्याचे क्रियाकर्म करते. पुस्तकाने त्याच्या ओळखीच्या प्राण्याचे नाव घेतले आणि तो आपला पूर्वज आहे असे सांगितले. हे खोटे आहे, आणि ते खोटेपण त्या मुलाला आपल्याआधी दिसले.

मराठवाड्यातल्या कोणत्याही शेतकऱ्याला विचारा, माकड आणि वानर यांतला फरक तो बसल्या जागी सांगेल. माकड लाल किंवा गुलाबी तोंडाचे, भुऱ्या अंगाचे, चोरटे. हाताला लागेल ते तोंडात कोंबते आणि गाल फुगवून पळते, कारण त्याच्या गालांत खाणे साठवायच्या पिशव्या असतात. वानर राखाडी, काळ्या तोंडाचे, लांब हातापायांचे, अंगापेक्षा लांब शेपटीचे. त्याला गालाच्या पिशव्या नाहीत. पाला, शेंगा, कोवळे शेंडे पचवायला त्याचे पोटच कप्प्याकप्प्यांचे असते, म्हणून ते एका जागी बसून तासनतास ओरबाडत राहते. लाल तोंडाच्या माकडांतही पुन्हा दोन जाती आहेत. दक्षिणेकडचे डोक्यावर केसांची टोपी असलेले लांब शेपटीचे माकड, आणि उत्तरेकडचे आखूड शेपटीचे. या दोघांची हद्द म्हणून जुन्या प्राणिशास्त्राच्या पुस्तकांत गोदावरीचे नाव येते, म्हणजे पैठणवरून, गंगाखेडवरून, नांदेडवरून वाहणारी आमची गोदावरी. अलीकडे उत्तरेकडचे माकड या हद्दीच्या खाली सरकत चालले आहे. धाराशिव जिल्ह्यातल्या उपळा गावात ३२ एकर जमीन माकडांच्या नावावर नोंदलेली असल्याचे २०२२ साली सगळ्यांनी वाचले. ज्या मुलखात माकडाचे नाव जमिनीच्या नोंदीला लागते, तिथल्या मुलांना माकड म्हणजे काय हे पुस्तकाने चुकीचे शिकवावे, याचे मला मनापासून वाईट वाटते.

नाव नेमके असले की काय हाती लागते, याचे एक उदाहरण आमच्याच विभागातले आहे. डिसेंबर २०२१ मध्ये बीड जिल्ह्यात, माजलगाव तालुक्यातल्या लवूळ गावी वानरांनी कुत्र्यांची पिल्ले उचलून नेऊन उंचावर ठेवली आणि त्यांतली अनेक मेली. बातमी जगभर गेली ती ‘माकडांचा सूड’ म्हणून, अडीचशे पिल्लांच्या आकड्यासह. वन विभागाने दोन वानरे पकडली. सूड हा शब्द सगळ्यांना आवडला. पण प्राणी वानर होता हे लक्षात घेतले की वेगळा विचार सुचतो. वानरांच्या टोळीत एकीचे पिल्लू दुसऱ्या माद्या सहज उचलून घेतात, कवटाळतात, फिरवतात. लाल तोंडाच्या उत्तरेकडच्या माकडांत आई इतकी सैल राहत नाही. पिल्लू उचलून झाडावर, छतावर न्यायचे आणि तिथेच सोडायचे, या वागण्यामागे रागाऐवजी ही उचलण्याची सवय असू शकते, असा अंदाज जाणकारांनी तेव्हाच मांडला होता. ‘माकड’ एवढ्याच शब्दावर थांबलो असतो तर हा विचार सुचलाही नसता.

आता गोरिल्ला, चिंपांझी, बोनोबो, ओरांगउटान आणि गिबन. यांतला कोणीही माकड नाही आणि वानरही नाही. इंग्रजीत यांना ‘एप’ म्हणतात. आमच्याकडे सेमी इंग्रजीचे वर्ग आहेत, विज्ञान इंग्रजीतून असते. पहिल्यांदा हा शब्द वाचताना मुलगी हमखास ‘आपे’ म्हणते, कारण ही तीन अक्षरे तिने रोज शाळेत यायच्या तीनचाकी आपेवरच पाहिलेली असतात. (त्या आपेचा या प्राण्याशी संबंध नाही, इटालियन भाषेत आपे म्हणजे मधमाशी.) मग ती विचारते, मराठीत काय म्हणायचे? आणि तिथे मी अडते. एका पुस्तकात ‘एप’ तसाच ठेवलेला असतो, दुसऱ्यात ‘वानर’, तिसऱ्यात ‘माकड’, कुठे ‘वनमानव’. मराठीतल्या जुन्या शास्त्रीय लिखाणात ‘कपी’ हा शब्द आहे. माझी विनंती अशी की तो उचला आणि सगळीकडे एकसारखा वापरा.

याला कोणी हरकत घेईल हे मला माहीत आहे. संस्कृतात कपी म्हणजे माकडच. अजिंठ्याच्या सतराव्या लेण्यात महाकपी जातक रंगवले आहे, त्यातला महाकपी हा माकडांचाच राजा. हरकत खरी आहे. पण ‘कार्य’ हा शब्द बघा. लग्नकार्यातले कार्य वेगळे आणि भौतिकशास्त्रातले कार्य वेगळे, आणि नववीतले एकही मूल या दोहोंत घोटाळा करत नाही, कारण शास्त्रातल्या कार्याची व्याख्या पुस्तकाने एकदा ठामपणे करून दिली आहे. ‘कपी’ रोजच्या बोलण्यात फारसा उरलेला नाही, म्हणून त्याला शास्त्रातला अर्थ देणे सोपे आहे. ‘वानर’ रोजच्या बोलण्यात आहे, आणि रामायणातही आहे. तो लोकांच्या तोंडचा आणि श्रद्धेचा शब्द आहे. त्याला आहे तिथे राहू द्या.

कपी कसा ओळखायचा हे मी मुलांना त्या वडाखालीच शिकवते. आमची मुले सूरपारंब्या खेळतात. एका पारंबीवरून दुसरीवर जाताना मुलाचा हात डोक्याच्या वर सरळ ताठ होतो, सगळे अंग त्या एका खांद्याला लटकते, गोल फिरते, आणि दुसरा हात पुढची पारंबी धरतो. त्याच वेळी वर फांदीवर वानर असते. ते फांदीच्या वरून चार पायांवर चालते आणि पुढच्या झाडावर उडी घेते. एका हाताने झोका, दुसऱ्या हाताने झोका, असे करत ते फांद्यांखालून पुढे जात नाही. त्याचा छातीचा पिंजरा कुत्र्यासारखा अरुंद आणि खोल असतो, खांद्याचे पाते बाजूला असते. मुलाची छाती रुंद आणि चपटी, खांद्याचे पाते पाठीवर, म्हणून त्याचा हात चहूकडे फिरतो. हा खांदा कपीचा आहे. गिबन हेच आयुष्यभर करतो. आपल्या देशात माणूस सोडला तर हा एकच कपी आहे, ईशान्येकडचा हूलॉक गिबन. आसामात जोरहाटजवळ त्याच्यासाठी होलोंगापारचे अभयारण्य राखले आहे. आमच्या मुलांनी तो पाहिलेला नाही, पण त्याचा खांदा त्यांच्या अंगावर आहे.

मागच्या जूनमधल्या त्याच आठवड्यात तो प्रश्न विचारणारा मुलगाच पारंबीवरून खाली आपटला. दोन्ही हात मागे धरून आला, डोळ्यांत पाणी. म्हणाला, “मॅडम, माकडहाड मोडलं.” मोडले नव्हते, मुका मार होता. दुसऱ्या दिवशी तो वर्गात एका बाजूवर बसला होता, तेव्हा मी त्यालाच विचारले, या हाडाला माकडहाड का म्हणतात? आपल्या भाषेने हा शब्द कधी घडवला मला ठाऊक नाही, पण घडवणाऱ्याने पाठीचा कणा बोटाने चाचपत खालपर्यंत नेला असणार आणि तिथे त्याला शेपटीचा उगम जाणवला असणार. तीन ते पाच छोटे मणके एकमेकांना चिकटलेले, आत वळलेले. आईच्या पोटात पहिल्या दोन महिन्यांत गर्भाला बारीक शेपूट असते, ती नंतर जिरते. गंमत अशी की खऱ्या माकडाला माकडहाड नसते, त्याला अख्खी शेपूट असते. शेपूट जाऊन फक्त बुडखा उरणे ही कपींची खूण आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात आलेल्या संशोधनात त्याचे एक कारणही सापडले: टीबीएक्सटी नावाच्या जनुकात डीएनएचा एक छोटा तुकडा घुसलेला आहे, तो सगळ्या कपींत आहे आणि माकडांत नाही. उंदरांच्या जनुकात तसा बदल घडवला तर त्यांच्या शेपट्या आखूड झाल्या, काहींना आल्याच नाहीत.

शेपटीवरच सगळे ठरवू नये, हेही मुलांना सांगावे लागते. जिब्राल्टरच्या खडकावरच्या माकडांना शेपूट जवळजवळ नाहीच, तरी ती माकडेच आहेत. इंग्रजांनी त्यांना पिढ्यान्‌पिढ्या ‘एप’ म्हटले. म्हणजे इंग्रजीतही हा शब्द पुष्कळ काळ सैलच होता. फ्रेंच आणि जर्मन लोक आजही दोन्ही गटांना मिळून रोजच्या बोलण्यात एकच शब्द वापरतात. म्हणून मराठी दरिद्री आहे असे कोणी वाटून घेऊ नये. उलट आपल्याकडे माकड आणि वानर हा भेद आधीच आहे, इंग्रजीच्या रोजच्या बोलण्यात तोही नाही. भाषांतर करताना इंग्रजी शब्दाच्या जोडीला मराठी शब्द बसवायच्या घाईत आपण आपला चांगला भेद पुसतो आहोत.

आता अवघड भाग. हे पत्र वाचणारा एखादा जीवशास्त्राचा प्राध्यापक म्हणेल, बाई, वंशवृक्ष पाहिला तर कपी हे माकडांच्याच झाडाची फांदी आहेत. ते बरोबर आहे, आणि दहावीच्या मुलांपासून ते लपवू नये असे माझे मत आहे. दक्षिण अमेरिकेतली माकडे, लांब अंतरावर फाकलेल्या नाकपुड्यांची, साधारण ४ कोटी वर्षांपूर्वी वेगळी झाली. आशिया-आफ्रिकेतली माकडे आणि कपी एकमेकांपासून त्यानंतर, सुमारे २.५ ते ३ कोटी वर्षांपूर्वी दुरावले. म्हणजे आमच्या वडावरचे वानर ब्राझीलमधल्या माकडापेक्षा गोरिल्लाच्या आणि माझ्या जास्त जवळचे. (शेपटीने फांदीला लटकणे हेही फक्त त्या अमेरिकेतल्या काही माकडांनाच जमते. आपल्या देशातले एकही माकड किंवा वानर तसे लटकत नाही. आंब्याला शेपटीने टांगलेले ते चित्र कृपा करून काढून टाका.)

हे मी मुलांना हेळव्याच्या वहीवरून समजावते. सुगीनंतर आमच्या भागात हेळवी येतो, ओसरीवर बसतो आणि घराण्याच्या पिढ्या वाचून दाखवतो. त्याच्या वहीत दिसते की दोन सख्ख्या भावांपैकी एकाकडे पाटीलकी आली आणि त्याचे घर पाटील झाले, दुसरा दुसऱ्या गावी गेला आणि त्याच्या नातवांना त्या गावावरून आडनाव लागले. तिकडे चार पिढ्या आधी फुटलेली लांबची भावकी मात्र जुनेच आडनाव लावते. आडनाव एक म्हणून नाते जवळचे असे होत नाही. ‘माकड’ हे असे जुने आडनाव आहे. कपींनी ते सोडले, अमेरिकेतल्या लांबच्या भावकीने ठेवले. रोजच्या बोलण्यासाठी आडनावे पुरतात. नाते सांगायचे असेल तर वही उघडावी लागते, आणि इथे ती वही डीएनएची आहे. तिच्यात माणूस आणि चिंपांझी यांची फारकत सुमारे ६० ते ७० लाख वर्षांपूर्वीची निघते. चिंपांझी आपला चुलता किंवा आजा नाही, तो चुलतभाऊ आहे. आपण जितके बदललो तितकाच काळ तोही बदलत आला आहे. “हे इथंच कसं राहिलं?” या प्रश्नाचे उत्तर मुलाला तिथे मिळाले. वडावरचे वानर कुठेच मागे राहिलेले नाही. ते त्याच्या वाटेने पुढे आलेले आहे, पाला पचवणारे पोट घेऊन.

या गोंधळाची किंमत मोठी असते हे मी जवळून पाहिले आहे. जानेवारी २०१८ मध्ये तेव्हाच्या औरंगाबादेत, म्हणजे आमच्या विभागाच्या मुख्य शहरात, तेव्हाचे केंद्रीय राज्यमंत्री सत्यपाल सिंह यांनी डार्विनचा सिद्धान्त चुकीचा आहे असे जाहीर केले. त्यांचे म्हणणे असे की माकडाचा माणूस होताना पाहिल्याचे आपल्या पूर्वजांपैकी कोणी सांगितले नाही की लिहून ठेवले नाही. देशातल्या तिन्ही विज्ञान अकादमींनी एकत्र निवेदन काढून त्याला हरकत घेतली. पण आमच्या गावात अकादमीचे निवेदन पोहोचले नाही. पोहोचले ते मंत्र्यांचे वाक्य, आणि शाळेतल्या तक्त्यावर त्याला खोडून काढणारे काही नव्हते. तक्ता स्वतःच सांगत होता की वानराचा माणूस झाला. डार्विनने तसे कधीच म्हटलेले नाही. २०२३ साली एनसीईआरटीच्या दहावीच्या पुस्तकातून उत्क्रांतीचा भाग गेला. आपल्या राज्याच्या पुस्तकात तो आहे, याचे मला समाधान आहे. तो आहे म्हणूनच नीट असावा.

तुमच्या पुढच्या आवृत्तीत ‘माणूस माकडापासून झाला’ या अर्थाचे एकही वाक्य राहू नये. तिथे ‘माणूस आणि चिंपांझी यांचा पूर्वज एकच होता’ असे लिहा. वानर हा शब्द काळ्या तोंडाच्या वानरापुरताच ठेवा. सहावीच्या मुलाला शेपूट, छाती आणि खांदा पाहून माकड आणि कपी ओळखता आले तरी पुरे. वंशवृक्ष दहावीत काढा, पण बरोबर काढा, फांद्यांचा, रांगेचा नको. माणसाचे नाव कपींच्या यादीत लिहायला कचरू नका. मुलांना त्याचे काही वाटत नाही, हा माझा अनुभव आहे. वाटते ते मोठ्यांना.

आमच्या तक्त्यावर मुलींनी कागदाच्या पट्ट्या चिकटवल्या आहेत. गोरिल्ला, चिंपांझी आणि ओरांगउटान यांच्यावर एक आडवी पट्टी आहे, तिच्यावर स्केचपेनने ‘कपी’ लिहिले आहे. आंब्यावरच्या माकडाची शेपूट पांढऱ्या कागदाखाली झाकली आहे. रांगेतल्या पहिल्या आकृतीखालच्या ‘वानर’ या शब्दावरही पट्टी आहे. तिच्यावर काय लिहायचे यावर वर्गात दोन तास चर्चा झाली. ‘चिंपांझी’ नको हे सगळ्यांना पटले, ‘सामाईक पूर्वज’ त्या जागेत मावेना. ती पट्टी अजून कोरी आहे. तिथे लिहायचा एक छोटा, बरोबर मराठी शब्द तुमच्याकडून यावा.

आपली नम्र,
एक विज्ञान शिक्षिका
औसा तालुका, जि. लातूर